एकाहत्तर मीटरचा जोड

१९८१ च्या जुलैतली रात्र. शीव आणि कुर्ला यांच्या मधल्या टप्प्यात मी आणि आमचे मिस्त्री रुळाच्या कडेनं बॅटरी घेऊन चाललो होतो. पाऊस नुकताच थांबला होता. खडी भिजलेली, स्लीपर भिजलेले, रूळ चकाकत होते. एका जोडापाशी मात्र वीतभर लोखंड कोरडं ठणठणीत होतं आणि फिशप्लेटवरून बारीक वाफ निघत होती. मिस्त्रींनी बॅटरी तिथंच रोखून धरली.

“बाँड नेला कुणीतरी,” ते म्हणाले.

बाँड म्हणजे दोन रुळांच्या टोकांना जोडणारी तांब्याची जाड तार. मुंबईच्या लोकलला वरच्या तारेतून मिळणारी वीज मोटरी फिरवून चाकांतून रुळात उतरते आणि रुळावाटेच सब-स्टेशनला परत जाते. फिशप्लेट रूळ धरून ठेवते, पण गंज आणि ग्रीस यांतून विजेला नीट वाट मिळत नाही. म्हणून प्रत्येक जोडावर तांबं. भंगारात तांब्याला भाव होता, तेव्हा बाँड चोरीला जाणं आमच्यासाठी नित्याचं होतं.

त्या रात्री मिस्त्रींनी मला जे करायला लावलं, त्यावर पुढची अडतीस वर्षं माझी नोकरी चालली. पिशवीतून दोन मिलिव्होल्टमीटर काढले. एकाच्या दोन टोचण्या अखंड रुळावर बरोबर एक मीटर अंतरानं टेकवायला मला सांगितलं. दुसऱ्या मीटरच्या टोचण्या त्यांनी जोडाच्या अलीकडे-पलीकडे धरल्या. “गाडी सुटली की काटा हलेल. मी ‘हां’ म्हटलं की तुझा आकडा वाच. माझ्या काट्याकडे बघायचं नाही.” कुर्ल्याहून लोकल निघाली. माझा काटा सरकत चौदावर आला. “हां!” चौदा मिलिव्होल्ट. त्यांच्याकडे पुरे हजार, म्हणजे एक व्होल्ट.

“हजाराला चौदानं भाग.”

एकाहत्तर आणि थोडं वर.

“म्हणजे हा जोड एकाहत्तर मीटरचा झालाय. चांगला जोड दीड-दोन मीटरच्या वर जाता कामा नये. लिही.”

मी आयटीआयमधून नवा बाहेर पडलेला. ओहमचा नियम परीक्षेपुरता पाठ होता: व्होल्टला अँपिअरनं भागलं की रोध, गुणलं की वॅट. पण रोध ‘मीटर रुळा’त मोजायची ही रीत मी पुस्तकात पाहिली नव्हती. घरी येऊन वहीत गणित मांडलं. त्या जातीच्या रुळाचा रोध मीटरला साधारण ३५ मायक्रोओहम, म्हणजे एका ओहमचे दहा लाख भाग केले तर त्यातले ३५. एका मीटरवर १४ मिलिव्होल्ट पडत होते, तर रुळातून ४०० अँपिअर वाहत होते. तेच ४०० अँपिअर जोडातूनही जात होते, आणि तिथं १ व्होल्ट पडत होता. एकाला चारशेनं भागलं: अडीच मिलिओहम. एकाला चारशेनं गुणलं: ४०० वॅट. चार मोठे बल्ब त्या वीतभर लोखंडात जळत होते. पावसाचं पाणी टिकेल कसं?

मिस्त्री शाळेत किती शिकले होते मला माहीत नाही. त्यांनी अँपिअर काढलाच नाही, त्यांना त्याची गरजच पडली नाही. रुळातून आणि जोडातून एकच प्रवाह जात होता, तेव्हा नुसत्या दोन आकड्यांचा भागाकार पुरे. बऱ्याच वर्षांनी मला कळलं की ज्या माणसाच्या नावानं हा नियम चालतो, त्यानंही सुरुवात अशीच केली होती. रोध त्यानं तारेच्या इंचांत मोजला होता.

गेओर्ग सिमॉन ओहम हा जर्मनीतल्या एर्लांगेनच्या एका कुलूप बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा, जन्म १७८९ चा. बापानं स्वतःच्या हिमतीवर गणित शिकून ते मुलांना शिकवलं. हाताचं कसब आणि डोक्यातलं गणित असा दुहेरी वारसा मुलाला घरातच मिळाला. १८१७ पासून तो कलोनच्या शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवत असे. शाळेच्या प्रयोगशाळेत त्यानं विजेचे प्रयोग मांडले, पण व्होल्टाच्या सेलनं त्याला हैराण केलं. मोजायला बसावं तर सेलचा जोर मिनिटागणिक उतरायचा. ज्याच्यानं मोजायचं तेच हलत असेल, तर आकड्याला अर्थ काय? मीटरवर बसलेला कुठलाही माणूस त्याची ती चिडचिड ओळखेल.

वाट पोगेनडॉर्फ या संपादक-शास्त्रज्ञानं सुचवली. झेबेकनं थोड्याच वर्षांपूर्वी दाखवलं होतं की दोन वेगळ्या धातूंचे सांधे वेगवेगळ्या तापमानाला ठेवले तर प्रवाह वाहतो. ओहमनं बिस्मथ आणि तांबं जोडलं, एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. पाणी उकळतंय आणि बर्फ वितळतोय तोवर तापमान हलत नाही, आणि जोरही हलत नाही. तारेवर दोऱ्यानं टांगलेली चुंबकसुई प्रवाहानं वळायची. दोऱ्याला पीळ देऊन ती परत जागेवर आणायची आणि किती पीळ लागला ते वाचायचं. जानेवारी १८२६ मध्ये त्यानं एकाच जाडीच्या तांब्याच्या आठ तारा घेतल्या: २, ४, ६, १०, १८, ३४, ६६ आणि १३० इंच लांबीच्या.

त्याचे आकडे मी स्वतः करून पाहिले आहेत, वाचणाऱ्यानंही करून पाहावेत. पहिल्या मालिकेत त्याचं सूत्र निघालं असं: तारेच्या इंचांत २०.२५ मिळवा आणि त्यानं ७२८५ ला भागा. ३४ इंचांची तार घेतली तर ७२८५ भागिले ५४.२५, म्हणजे १३४ च्या किंचित वर. त्यानं सुईवर वाचलं होतं १३४.५. १३० इंचांची घेतली तर भागाकार येतो ४८.५, आणि वाचलेलंही ४८.५. त्यातले ७२८५ म्हणजे जोर, आज आपण ज्याला व्होल्ट म्हणतो त्याचा पूर्वज. आणि २०.२५? तो त्याच्या बाकी सगळ्या उपकरणाचा रोध, इंचात सांगितलेला: माझं हे यंत्र या तारेच्या सव्वावीस इंचांएवढं अडवतं. तेव्हा व्होल्ट नव्हता, अँपिअर नव्हता, त्याच्या नावाचा ओहमही नव्हता. हाताशी तार होती, तिच्या इंचांतच त्यानं नियम लिहिला. हे वाचलं तेव्हा मला शिवेजवळचा तो जोड आठवला आणि मिस्त्रींचं “एकाहत्तर मीटरचा” कानात वाजलं.

१८२७ मध्ये त्यानं हे सगळं पुस्तकरूपानं छापलं. जर्मनीत त्याचं चीज झालं नाही. त्यानं कलोनची जागा सोडली आणि पुढची काही वर्षं ओढगस्तीत काढली. लंडनच्या रॉयल सोसायटीनं १८४१ मध्ये कॉप्ली पदक दिलं. म्युनिकला प्राध्यापकाची पूर्ण जागा मिळाली १८५२ मध्ये, आणि १८५४ मध्ये तो गेला. त्याला दोनच वर्षं मिळाली याचं मला आजही वाईट वाटतं.

नियमाचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे वॅटचा, मँचेस्टरकडून आला. बीअर बनवणाऱ्या घराण्यातल्या जेम्स जूलनं १८४० च्या सुमारास पाण्यात तारेची गुंडाळी बुडवून दाखवलं की तारेत निघणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. अँपिअर दुप्पट झाले की उष्णता चौपट. ओहम, व्होल्ट, अँपिअर ही नावं १८८१ च्या पॅरिसच्या विद्युत परिषदेत पक्की झाली, वॅट हे नाव पुढच्याच वर्षी विल्यम सीमेन्सनं सुचवलं. नावं मागाहून आली, ‘दुप्पटीला चौपट’ मात्र तेव्हापासून कारखान्यांच्या आणि रेल्वेच्या मानेवर बसलं आहे. मुंबईच्या लोकलचा इतिहास मला याच एका ओळीचा इतिहास वाटतो.

आधी वीज आली कुठून ते बघू. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर पाणी अडवून ते खाली खोपोलीला चाकांवर सोडायचं, ही जमशेटजी टाटांच्या काळात मांडलेली कल्पना त्यांच्या मृत्यूनंतर पुरी झाली आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांकडे निघाली. सत्तरेक किलोमीटरची ती वाट १,००,००० व्होल्टवर होती. एवढा दाब कशासाठी? मासल्यादाखल हिशेब करा (तीन तारांची भानगड बाजूला ठेवू): १ कोटी वॅट पाठवायचे आहेत. १,००० व्होल्टवर पाठवले तर १०,००० अँपिअर. लाख व्होल्टवर पाठवले तर १००. अँपिअर शंभरपट कमी, तर त्याच तारेतलं नुकसान दहा हजार पट कमी. व्होल्ट वाढवला नसता तर तांब्याचा खांबच खोपोलीहून परळपर्यंत आडवा घालावा लागला असता.

हे लिहिताना मुळशी वगळणं मला जमणार नाही. खोपोलीनंतर भिवपुरी आलं, मग भिरा. भिऱ्याचं पाणी मुळशीच्या धरणातलं, आणि त्या धरणाखाली मावळ्यांच्या भाताच्या जमिनी गेल्या. १९२१ ते १९२४ या काळात पांडुरंग महादेव बापटांनी तिथं सत्याग्रह उभारला, तुरुंग भोगला, सेनापती हे नाव त्यांना तिथूनच चिकटलं. धरण थांबलं नाही. आम्ही सब-स्टेशनवर लाखो वॅट मोजले, त्यांतले काही त्या खोऱ्यातून आले होते. ते मोजणाऱ्या माणसानं हे विसरू नये, असं मला मनापासून वाटतं.

३ फेब्रुवारी १९२५ ला व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याकडे हार्बरच्या वाटेनं देशातली पहिली विजेची गाडी धावली. गव्हर्नर लेस्ली विल्सन हजर होते. चार डब्यांची गाडी, ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची, १५०० व्होल्ट डीसी. १९२८ च्या जानेवारीत बीबीसीआय रेल्वेच्या कुलाबा-बोरिवली मार्गाचीही वीज सुरू झाली. १९२९-३० पर्यंत कल्याणहून पुण्याकडचा आणि इगतपुरीकडचा घाट विजेवर आला. ठाकुर्लीजवळ चोळा इथं रेल्वेनं स्वतःचं वीजघर बांधलं.

लाख व्होल्टचा फायदा डोळ्यांसमोर असताना लोकलला १५०० च का दिले, असं मला नवी पोरं विचारायची. उत्तर मोटरीत आहे. त्या काळी गाडी ओढायला सगळ्यात भरवशाची होती ती डीसी सीरिज मोटर, आणि डीसीचा दाब गाडीत बसल्याबसल्या कमी-जास्त करायची सोय नव्हती. जो दाब तारेत, तोच मोटरींच्या दाराशी. मोटरी एकीमागे एक जोडून तो वाटून घ्यायचा एवढंच हातात. म्हणून दाब मोटरीला झेपेल तेवढाच ठेवायचा. एसी आणून तो डीसी करणारी अवजड यंत्रं सब-स्टेशनात बसली: आधी फिरते रोटरी कन्व्हर्टर, नंतर पाऱ्याच्या कमानीचे रेक्टिफायर, माझ्या काळात सिलिकॉनचे.

गाडी सुटण्याचा क्षण तर निव्वळ ओहमचा नियम होता. उभी मोटर म्हणजे नुसती तांब्याची वेटोळी. फिरायला लागली की ती उलटा दाब तयार करते, उभी असताना तोही नसतो. धरा, वेटोळ्यांचा रोध सगळा मिळून अर्धा ओहम. १५०० ला अर्ध्यानं भागलं तर ३,००० अँपिअर. मोटर जागीच जळेल. ते ३०० वर रोखायचे तर एकूण ५ ओहम हवेत. उरलेले साडेचार ओहम डब्याखालच्या लोखंडी जाळ्यांत ठेवलेले असायचे, आणि वेग वाढेल तशा त्या जाळ्या एकेक करून वाटेतून बाजूला व्हायच्या. फलाटावर मोटर डब्याजवळ उभं राहिलेल्यांना पायांशी लागणारा गरम वारा आठवत असेल, भाजलेल्या धुळीच्या वासाचा. ते साडेचार ओहम होते. दर स्टेशनाला, दर गाडीला तेवढी वीज नुसती हवेत सोडून द्यावी लागे.

आता तारेचं गणित. पुन्हा हिशेबाला सोपी गाडी घेऊ, १५ लाख वॅट ओढणारी. १५०० व्होल्टवर तिला लागतात १,००० अँपिअर. सब-स्टेशनपासून गाडीपर्यंतची तार आणि परतीचा रूळ मिळून एक दशांश ओहम धरू. एका गाडीला १०० व्होल्ट वाटेत पडले, चालून जाईल. पण सकाळी साडेआठला त्याच टप्प्यात तीन गाड्या एकदम सुटल्या, की ३,००० अँपिअर आणि ३०० व्होल्ट. १५०० चे १२०० झाले, गाडी जड चालायला लागली, आणि वाटेत ९ लाख वॅट तार आणि रूळ तापवण्यात गेले. तीन गाड्यांना तिप्पट तोटा नाही झाला, नऊपट झाला. जूलची ओळ.

या एका कारणानं मुंबईत काही किलोमीटरवर एक अशी सब-स्टेशनं उभी राहिली. चार डब्यांचे आठ झाले, मग नऊ, ऐंशीच्या दशकात बारा. दर वेळी शहर म्हणे, अजून गाड्या द्या, आणि दर वेळी आम्ही दोन सब-स्टेशनांच्या मध्ये तिसरं कुठं बसेल ते शोधायचो. गर्दीत जागा मिळेना, जुन्या भिंती पाडून मशीन ओढत न्यायचं. डब्यात लोंबकळणाऱ्या माणसाला वाटायचं रेल्वे गाड्या वाढवत नाही. कारणं अनेक होती, पण त्यातलं एक या भागाकारात होतं, आणि ते लोकांना कुणी समजावून सांगितलं नाही याची खंत मला आहे.

सब-स्टेशनातला अँपिअरचा मीटर हीसुद्धा याच नियमाची करामत. ३,००० अँपिअर त्या नाजूक काट्यातून जात नाहीत. ते जातात शंटमधून, तळहाताएवढ्या मिश्रधातूच्या पट्टीतून, जिचा रोध बेतून ठेवलेला असतो. ३,००० अँपिअर गेले की तिच्यावर बरोबर ७५ मिलिव्होल्ट पडले पाहिजेत, म्हणजे रोध २५ मायक्रोओहम. काटा फक्त ते मिलिव्होल्ट वाचतो आणि तबकडीवर अँपिअर लिहिलेले असतात. मी नवीन मुलांना शंट उघडून दाखवायचो आणि सांगायचो, पावसात मी हेच रुळाच्या एका मीटरवर केलं होतं.

देशानं १९५७ पासून नव्या मार्गांसाठी २५,००० व्होल्ट एसीची निवड केली. फ्रान्सनं ते आधी करून दाखवलं होतं. गाडीतच ट्रान्सफॉर्मर आणि रेक्टिफायर बसवायची तोड निघाली, तेव्हा तारेतला दाब मोटरीच्या कुवतीपासून सुटला. तीच १५ लाख वॅटची गाडी २५,००० व्होल्टवर फक्त ६० अँपिअर घेते. एसीत नुसता रोध नसतो, रिअॅक्टन्सही मोजावा लागतो, पण मासला म्हणून पुरे: हजाराच्या जागी साठ. मुंबई मात्र डीसीत अडकलेली. नागपूर-भुसावळकडून येणाऱ्या गाडीचं इंजिन इगतपुरीला बदलायचं. ते थांबणं आणि फलाटावरचा गरम वडा त्या पिढीला आठवत असेल. तो थांबा दोन व्होल्टांच्या सीमेचा होता.

बदल फार उशिरा आला आणि चालत्या गाडीखाली आला. चर्चगेट-विरार २०१२ च्या फेब्रुवारीत एसी झाला, मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग २०१५ च्या जूनमध्ये. रात्री काही तासांचा ब्लॉक, वरची तार बदलायची, पहाटे पहिली लोकल सोडायची. डीसीची संपर्कतार १९३ चौरस मिलिमीटरची असायची, एसीची १०७ ची. दोन्हींचे काप मी नव्या पोरांच्या हातात द्यायचो. एक पक्क्या सुपारीएवढा भरघोस, दुसरा त्याच्या निम्म्याहून थोडा मोठा. मीटरभर लांबीला पावणेदोन किलोच्या जागी एक किलोपेक्षाही कमी तांबं. हातात घेतलं की पोरांना सूत्र कळायचं, फळ्यावर कळायचं नाही.

हार्बर शेवटी राहिला, जिथून सगळं सुरू झालं होतं. ९ एप्रिल २०१६ च्या रात्री कुर्ल्याहून सीएसटीकडे शेवटची डीसी लोकल निघाली. तिला बघायला, तिच्यात बसायला माणसं आली होती. मी सब-स्टेशनात ड्युटीवर होतो, गाडी मला दिसली नाही. मला काटा दिसला. फीडरचा काटा शून्यावरून उठला, हजाराच्या पुढे गेला, खाली आला. मोटरमननं पॉवर बंद केली असणार. पुन्हा उठला, थोडा कमी. गाडी आमच्या हद्दीतून पुढच्या सब-स्टेशनकडे सरकत होती आणि तिचा भार हळूहळू त्यांच्याकडे जात होता. दर उठण्याला काटा आधीपेक्षा खाली थांबत गेला. मग तो खाली टेकला तो उठलाच नाही.

बाजूचा व्होल्टचा काटा १५०० च्या वर स्थिर. अँपिअर नसले की वाटेत काही पडत नाही, म्हणून तो भर दिवसापेक्षा उंच उभा होता. ब्रेकर उघडायचा हुकूम यायचा होता. मी लॉगबुक ओढलं. व्होल्टच्या रकान्यात आकडा लिहिला, अँपिअरच्या रकान्यात शून्य. वॅटचा रकाना गुणून भरायचा असतो. तोही भरला आणि सही केली.